गळिताच्या हंगामातला गिअरबॉक्स

आज सकाळी दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर काळी राख दिसली. बोटानं झटकायला जावं तर ती पसरते, हलकी फुंकर मारली तरच उडते. कुणाच्या तरी शिवारात पाचट पेटलं असणार. म्हणजे हंगाम लागला. आता उन्हाळा तोंडावर येईपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांवरची कर्कश गाणी, डांबरावर चिरडलेली कांडी, आणि हवेत तो वास. गुऱ्हाळाकडून आला की भूक लागते, कारखान्याकडून आला की पदर नाकाला लावावा लागतो.

आमच्याकडच्या लोकांना या दिवसांत गरम गुळाचा खडा आठवतो, पोट फुटेस्तोवर प्यायलेली रसाची भांडी आठवतात. मला ऑईल आठवतं. जळकं, काळं, काकवीसारखी तार धरणारं. थंड फरशीवर पाठ टेकून मी गाडीखाली पडले आहे, ते ऑईल माझ्या मनगटावरून कोपराकडे ओघळतंय, आणि वरून माझे वडील, अप्पा, विचारताहेत, "वास कसला येतोय गं, अक्का?"

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. गेला म्हणजे आहे, पण त्याला सांगितलेलं कळत नाही. मांडीपासून लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात कुबडी. अशा बाईला क्लच दाबता येत नाही, म्हणून ती गाडी. क्लच नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी, दुसऱ्यानं वापरून विकलेली, फिकट निळी. ती दारात आली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. तोवरचं सगळं आयुष्य कुणाच्या ना कुणाच्या मागच्या सीटवर गेलेलं. ज्याची मोटरसायकल त्याची वेळ आणि त्याचाच मूड. गाडी आल्यावर मला माझ्याबद्दल एक नवीच गोष्ट कळली. मी उशिरा पोचणारी बाई मुळात नव्हतेच.

मी फिरती शिक्षिका. ज्या मुलांना शाळेत आणता येत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे माझं काम. नेमणूक कंत्राटी. म्हणजे पोचलात तर बाई, नाही पोचलात तर कुणीच नाही. हुपरीच्या रस्त्याला एका घरात तेजू राहते. तिचे आईवडील घरीच चांदीचे पैंजण जोडतात. ओसरीच्या एका कोपऱ्यात त्यांची निळी ज्योत सुंईं करत असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोधडीवर तेजू. हातपाय तिच्या ताब्यात नाहीत, जीभही नाही. डोळे आहेत. समोर चित्रं धरली की ती डोळ्यांनी निवडते. पाणी. आई. मांजर. "नको"चं चित्र तिला सगळ्यांत आधी कळलं, आणि त्या दिवशी तिनं जे दिसेल त्याला नको म्हणून घेतलं. तिची आई हसून हसून रडली होती.

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात गाडी बंद पडली ती चढावर. पुढं उसाची ट्रॉली, मागं उसाची ट्रॉली. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबला. करपल्याचा वास आला आणि मग गाडी हळूहळू मागं घसरायला लागली. मी ब्रेकवर उभी राहिल्यासारखी बसले. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"ओ पावणं, घ्या की म्होरं! झोपलायसा व्हय?"

मी दार उघडून आधी कुबडी बाहेर टेकवली. हॉर्न थांबला. तोच उतरून आला.

"अरारा. ताई, तुम्ही आतच बसा. न्हाई व्हायचं काय तुमच्यानं. दोर लावून वढतो."

कळंब्याच्या पुढं आमचं घर आहे, तिथपर्यंत त्यानं मला ओढत आणलं. समोर उसाची डुलणारी शेंडी, तिच्यामागं मी, मेलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून. सगळ्या रस्त्यानं लोक बघत होते. मला त्यांच्या बघण्याचं काही वाटलं नाही. मी मनातल्या मनात एवढंच म्हणत होते, हे काही मोठं नसू दे, देवा, काही तरी छोटं असू दे.

छोटं नव्हतं. गिअरबॉक्स आतून जळाला होता. आमच्या भागातले दोन-तीन गॅरेजवाले येऊन गेले. बॉनेट उघडायचे, आत बघायचे, आणि एखाद्या आजारी माणसाच्या घरातून निघावं तसे आवाज खाली आणून निघायचे. "ऑटोमॅटिक हाय व्हय? मग न्हाई आमचं काम." शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमधला पोरगा शुद्ध बोलायचा. "मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. पार्ट येत नाही. आला तरी कधी येईल सांगता येत नाही. काढून टाका." काढून टाका. जणू नखच.

मग मी एसटीनं जाऊन बघितलं. हंगामात रस्ते तुंबलेले, गाड्या भरलेल्या. एसटीची पहिली पायरी माझ्या कंबरेशी येते. मागून कुणी तरी ढकललं, पुढून कुणी तरी ओढलं, पोत्यासारखी मी आत गेले. उतरल्यावर तेजूच्या घरापर्यंत उसाच्या रानातली वाट, ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेली. पोचले तेव्हा काखेत कुबडीनं सालटं निघालं होतं, आणि तेजू माझी वाट बघून झोपून गेली होती. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठता आलं नाही. ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या. "तुमच्या मुलांना सध्या दुसऱ्या कुणाला तरी देऊ या का?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या "सध्या"चा अर्थ आम्हा दोघींनाही कळत होता.

मग तेजूच्या आईचा फोन आला. "ताई, तुमच्या गाडीचा आवाज आला की ती मान वळवायची बघा. आता कुठलीबी गाडी येऊ दे, वळवती. दिवसभर हंगामाच्या गाड्या हायत. दिवसभर मान वळवती. मानंला कळ लागलीया तिच्या."

फोन ठेवून मी न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले.

अप्पांची सगळी नोकरी उद्यमनगरात, ऑईल इंजिनं जुळवण्यात गेली. घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला लोखंडाचा थंड वास असायचा. कामावरनं उतरल्यावरही आसपासचे ट्रॅक्टर, पंप, मळणीयंत्रं आमच्या अंगणात येऊन पडायची आणि उभी राहून जायची. मग कंपवात आला. आधी एका हाताचा अंगठा हलायला लागला, मग दोन्ही हात. ज्या दिवशी हातातला पाना सुटून पायावर पडला, त्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर ते हात काखेत घालून बसायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय.

मी न्हाणीतून बाहेर आले तेव्हा ते सोप्यात तसेच बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लोखांडच हाय की ते. माणसानंच बसवलंय न्हवं? काढू आपण."

चुलीशी अव्वा भाकरी थापत होती. आम्ही आईला अव्वा म्हणतो. तिचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. तिचा हात थांबला. "कपातला चा सांडतोय, आनि गिअरबॉक्स काढतायसा?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"हात अक्काचं हायत की," अप्पा म्हणाले. "माझं डोळं हायत."

आमच्या गाडीसारखीच एक गाडी, मागून ट्रक घुसलेली, रंकाळ्याच्या पलीकडं एका भंगारवाल्याकडं पडली होती. पुढचा भाग शाबूत. भंगारवाल्यानं गिअरबॉक्स काढून ठेवला, पण शब्द द्यायला तयार नाही. "पावणं, चालू असंल म्हणून देतोय. पण छाती ठोकून न्हाई सांगत. बसवल्याबिगर ह्याचं कळत न्हाई." हेच सगळ्यांत वाईट होतं. आधी आपला काढायचा, मग हा चढवायचा, सगळं जोडायचं, ऑईल भरायचं, आणि मगच कळणार की आपण एक मढं काढून दुसरं मढं बसवलं की काय.

शेजारचा बाळू विहिरीतल्या मोटारी काढायचं काम करतो. त्याच्याकडं लोखंडी पाइपांची मोठी तिपाई आणि चेनपुली आहे. गिअरबॉक्स काढला की इंजिनाचा एका बाजूचा आधार जातो. ते वरून टांगून धरावं लागतं. बाळूनं तिपाई आमच्या गाडीवर उभी केली, साखळी इंजिनाला अडकवली आणि म्हणाला, "अप्पा, आजवर हिरीतनं वर काढलं सगळं. गाडीतनं खाली काढायचं पहिल्यांदाच बघतोय." भंगारातला गिअरबॉक्सही त्याच्याच टेम्पोतून आला. त्याच्या तोंडावरचा फुगीर गोल डबा, ज्याला मेकॅनिक कन्व्हर्टर म्हणतात, वाटेत सटकून पडायला आला होता, म्हणून त्यानं तो काढून वेगळा पोत्यावर ठेवला होता. बिचाऱ्यानं काळजी घेतली होती. तीच आम्हाला पुढं भोवली.

चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. मी कॅलिपर सोडून भिंतीला टेकवला आणि ताडपत्रीवर पाठ घासत गाडीखाली गेले. तिथं मला एक विचित्र सुख झालं, ते आजही कुणाला नीट सांगता येत नाही. गाडीखाली पायांना काही काम नसतं. तिथं सगळी माणसं सारखीच, पाठीवर पडलेली, हात वर केलेली. आणि माझे हात आयुष्यभर कुबडीवर अंग तोललेले हात होते. पहिला गंजलेला बोल्ट कुरकुरला आणि सुटला, तेव्हा वरून अप्पांचा आवाज आला, "सुटला व्हय?" त्या आवाजात कामावर असतानाचे अप्पा होते.

पण ते सुख थोडं आणि भीती फार. इथं आपल्या नाकासमोर जे टांगलंय ते आपल्याला चिरडू शकतं, हे खाली पडल्यावर विसरता येत नाही. प्रत्येक वायर, प्रत्येक नळी सोडली की मला वाटायचं, ही परत कुठं लागणार? अव्वानं जुन्या साड्या फाडून चिंध्या केल्या. प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना एकाच साडीची चिंधी. हिरवीला हिरवी, जांभळीला जांभळी. बोल्ट तिच्या डाळींच्या डब्यांत. ऑईल सोडलं तेव्हा ते डाळिंबाच्या रसासारखं लाल असायला हवं होतं. आलं ते काळं, आणि त्यात लोखंडाची चमकी.

"वास कसला येतोय गं, अक्का?"

"जळका, अप्पा."

"मग पुसून टाक. त्याचं इचारू नगो आता."

ज्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून असतात, ते आतले बोल्ट एका छोट्या खिडकीतून काढावे लागतात. इंजिन थोडं फिरवायचं, की पुढचा बोल्ट खिडकीत येतो. ते फिरवायला वर कुणी तरी लागतं. अप्पांनी पाना धरला. तो त्या नटावर टकटकटक वाजत राहिला, बसला नाही. मी खालून तो आवाज ऐकत होते. मग दुसऱ्या पायांची चाहूल लागली आणि अव्वाचा आवाज आला, "सोडा. मला दावा कुठं धरायचं ते." पिठानं माखलेल्या हातांनी ती इंजिन फिरवत राहिली. "फिरव." "थांब." "फिरव." घरात इतकी वर्षं ती दोघं इतकं कमी बोलायची, की मला ते शब्द मोजके असूनही गप्पांसारखे वाटले.

जुना गिअरबॉक्स जॅकवर फळी ठेवून खाली उतरवला, पोत्यावर ओढून बाहेर काढला. एखाद्या धिप्पाड माणसाला ओढावं तसा. मग नवा चढवायला घेतला. कन्व्हर्टर त्याच्या तोंडात बसवला, जॅक चढवत गेलो, बाळू साखळीवर, मी खाली, अप्पा बाजूला वाकून. गिअरबॉक्स इंजिनाला जाऊन भिडला. जवळजवळ. मधे बोटाच्या पेराएवढी फट राहिली.

हलवलं. खाली घेतलं, वर घेतलं, तिरकं केलं. फट गेली नाही.

"बोल्ट लाव," अप्पा म्हणाले. "बोल्टनंच वढून घिऊ. येतंय ते. आमी असंच वढायचो."

"नको, अप्पा."

"का नगो?"

फोनवर मी एका माणसाचा व्हिडिओ बघितला होता. त्याची भाषा मला येत नव्हती. पण तो अशीच एक फट दाखवत होता, मग बोल्ट आवळल्याची खूण करत होता, आणि मग त्यानं तळहात उघडला होता. तळहातावर आतल्या पंपाचे तुकडे होते. भाषा कळली नव्हती तरी तुकडे कळले होते. "फोनवरच्या व्हिडिओत एका माणसानं दाखवलंय, आत काही तरी बसलं नाहीये पूर्ण. ओढलं तर फुटेल. आपल्याकडं दुसरा नाही, अप्पा."

"मला शिकवतीस? उंबर गेली माझी गिअरबॉक्स चढवण्यात!"

"हा तसला नाही!"

त्यांनी बोल्ट उचलला. भोकाशी नेला. तो पुन्हा टकटक वाजायला लागला, आणि त्या आवाजानं त्यांचा राग आणखी चढला. एका क्षणी तो पकडला गेला, एक आटा फिरला. मी खालून ओरडले, आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते तशी.

"हात काढा, अप्पा! हात काढा तिथनं!"

सगळं थांबलं. रस्त्यावरून एक ट्रॉली गाणं वाजवत गेली, त्या गाण्याचे शब्ददेखील स्पष्ट ऐकू आले. मला गाडीखालून फक्त अप्पांचे पाय दिसत होते. ते वळले आणि अंगणाच्या टोकाला, हौदाकडं निघून गेले.

मी तशीच पडून राहिले. छातीच्या वर गिअरबॉक्स, डोळ्यांत गंजाची भुकटी. तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाटलं की संपलं. गाडी उघडी पडलेली, आता ती भंगारवालाही नीट घेणार नाही. अप्पांकडे उरलेली एक गोष्ट, ती मी बाळूदेखत हिसकावून घेतली. आणि फट तशीच. मला तेजूची मान आठवली. मी त्या फटीत बोट घालून बघितलं, जणू तिथं काही तरी उत्तर अडकलं असेल. थंड हवा होती, बाकी काही नव्हतं.

हौदाकडून अव्वाचा आवाज आला. ती हळू बोलत नाहीच कधी.

"पोरगी खाली झोपलीया, वर इंजिन टांगलंया, आनि तुमी हितं रुसून बसलायसा व्हय? उठा."

पाय परत आले. ते खाली बसले, गुडघे मोडत, हळूहळू, आणि मग गाडीखाली अप्पांचा चेहरा दिसला, आडवा, गालाला माती लागलेला.

"उतरव," ते म्हणाले. "बघू काय म्हणतोय तुझा फोनातला माणूस."

पुन्हा सगळं खाली. गिअरबॉक्स पोत्यावर उभा केला, तोंड वर करून. कन्व्हर्टर त्यात बसलेला दिसत होता. कुणालाही वाटलं असतं, बसलाय. अप्पांनी त्यावर दोन्ही पंजे पसरले आणि थोडा दाब देत फिरवायला लागले. हात थरथरत होते. ते त्यांना थांबवता येत नव्हते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. आम्हा सगळ्यांसमोर ते तसेच हलत राहिले. कन्व्हर्टरही त्यांच्या हाताखाली बारीक बारीक हलत होता.

खट्.

तो थोडा आत गेला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. ते फिरवत राहिले. पुन्हा खट्. आणि मग, जेव्हा वाटलं की आता झालं, तेव्हा तिसऱ्यांदा, खोल, बोटाच्या पेराएवढा.

हे त्या थरथरीमुळं झालं, की कुणीही धीरानं फिरवला असता तरी झालं असतं, मला माहीत नाही. मेकॅनिक लोक सांगतात की तो हलवत, डोलवत बसवावा लागतो. मी त्या बाबतीत जास्त विचार करत नाही. एवढं मात्र मी बघितलं की खाली जाताना तो आवाज ऐकून अप्पांचे डोळे मिटले, एखाद्याचं दुखणं थांबावं तसे.

त्यानंतर गिअरबॉक्स असा भिडला की मधे कागद जाऊ नये. बोल्ट हातानं फिरले. हिरवी चिंधी हिरवीला, जांभळी जांभळीला. तरीही अजून काहीच कळलेलं नव्हतं. छाती ठोकून न्हाई सांगत, असं भंगारवाला म्हणालाच होता. लाल ऑईल भरलं. चाकं लावली, ठोकळे काढले. मी कॅलिपर चढवला आणि सीटवर बसले. अप्पा शेजारी. बाळू आणि अव्वा फाटकाशी.

चावी फिरवली. इंजिन लागलं. मी दांडा पुढच्या गिअरवर आणला.

काही नाही.

मागच्या गिअरवर आणला. काही नाही. इंजिन बिचारं हुंकारत होतं आणि गाडी अंगणात देवळासमोरच्या दगडी नंदीसारखी बसून होती. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, मी अप्पांकडं बघायचं नाही. त्यांचा चेहरा आत्ता बघितला तर पुढं जन्मभर तोच दिसेल.

"आगं, कोरडा हाय तो," अप्पांचा आवाज आला. "कवापासनं भंगारात पडलेला. प्यायला येळ लागणार की त्याला. वत अजून. आनि चालू ठेव."

बाळूनं ऑईल ओतलं. इंजिन चालू. मी दांडा हळूहळू एकेका गिअरवरून नेत होते, पुढं, मागं, पुढं. कुठल्या फेरीत ते झालं आठवत नाही. गाडीनं एक हलका झटका दिला, नाक खाली केलं, जसं जनावर उठायच्या आधी अंग सावरतं. मी ब्रेकवरचा पाय सैल केला. फाटक आमच्याकडं यायला लागलं. अव्वा बाजूला झाली. बाळू काही तरी ओरडला. आम्ही रस्त्यावर आलो, उसाच्या ट्रॉलीच्या मागं, आणि मी तिच्या मागून चालवत राहिले, अगदी तिच्या वेगानं, पुढं जायची घाई न करता.

दुसऱ्या दिवशी तेजूकडं गेले. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि मग मुद्दाम भिंतीकडं तोंड फिरवलं. चित्रं समोर धरली तर "नको"कडं बघत राहिली. सबंध दुपार ती रुसली होती. तिची आई ओशाळून म्हणाली, "असं करायचं न्हाई गं बाईंना." मी म्हटलं, करू दे. तिचा हक्क आहे.

तो गिअरबॉक्स अजून चालतोय. चढावर थोडा ओरडतो. अप्पा आता खाटेवरच असतात. बोलणं पुसट झालंय. कधी कधी मी वाकून ऐकते तरी शब्द हाती लागत नाही. औषधं बदलून झाली, डॉक्टर बदलून झाले. हंगामाच्या या दिवसांत मी संध्याकाळी परत येते तेव्हा दारातून आधी त्यांच्या पांघरुणाकडं बघते, ते वर-खाली होतंय ना. रोज बघते. जी भीती घेऊन मी तेव्हा गाडीखाली पडले होते ती आता घरात येऊन राहिली आहे, आणि हिच्यासाठी कुठून काय आणावं हे कुणाला ठाऊक नाही.

पण त्या वर्षीचा हंगाम म्हटलं की मला आठवते गाडी चालू झाली त्या दिवसाची संध्याकाळ. आम्ही परत आलो होतो. अप्पांनी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुतले. नखांतलं काळं निघालं नाही. अव्वानं ताटं केली. पावट्याची आमटी, भाकरी, कांदा. दिवसभराच्या श्रमानं अप्पांचे हात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हलत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत पडला. पुन्हा उचलला, तोंडाशी नेईपर्यंत गळून धोतरावर आला. आमटी सांडली. त्या दिवसापर्यंत त्यांनी कुणाच्या हातचा घास घेतला नव्हता. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे, वाटेल तितका वेळ लागू दे. मी माझ्या ताटात बघत राहिले.

अव्वा त्यांच्यासमोर येऊन मांडी घालून बसली. त्यांची भाकरी आमटीत कुस्करली. बोटांनी घास केला आणि पुढं धरला.

"आ करा."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता ताट ढकलतील. हात त्यांनी काखेत घातले नाहीत. मांडीवर उघडेच ठेवले, हलते. आणि तोंड उघडलं.

बराच वेळ ते चावत राहिले.

"मीठ कमी हाय गं," ते म्हणाले.

"असू दे," अव्वा म्हणाली, आणि तिनं दुसरा घास केला.